वाजवीपेक्षा जास्त दुःख

३ मार्च

वॉर्डात आमचा एक नियम होता : जे लिहिलं नाही ते घडलं नाही. पाळी संपवून जाणारीनं येणारीसाठी सगळं लिहून ठेवायचं. कोणाला ताप, कोणाला सलाईन, कोण नुसताच कण्हतोय. मी मेट्रन होते तोवर एकीची हिंमत नव्हती कोरं पान ठेवून जायची. आता माझी पाळी बदलायला कोणी येत नाही, पण सवय सुटत नाही.

तर आजची नोंद : जावईबापूंना सरकारचं पत्र आलं. मजकूर चार पानी, अर्थ एका ओळीचा. चालते व्हा.

जावईबापू परदेशी. लग्न ठरलं तेव्हा मी लेकीला विचारलं होतं, इथले मुलगे संपले का? ती म्हणाली, आई, तो मेकॅनिक आहे, त्याच्या हातात जादू आहे. होतीच. चोरून आणलेल्या गाड्यांचे नंबर घासून काढून त्या जागी नवे ठोकायची. पोलिसांनी एका गाडीबद्दल विचारलं, तर यांनी गॅरेजमधल्या सगळ्या गाड्यांची कबुली देऊन टाकली. वकिलानं म्हणे कपाळाला हात लावला. तीन वर्षं सरकारी पाहुणचार झोडून गेल्या हिवाळ्यात बाहेर आले, ते थेट माझ्या घरात. आता सरकार म्हणतं, शिक्षा झाली, भोगली, आता आपल्या देशी जा.

लेक रडली. नात ठकी, वय वर्षं आठ, तिला अजून कोणी सांगितलेलं नाही. मी भाजी निवडायला घेतली. जावई म्हणजे दहावा ग्रह म्हणतात. नऊ ग्रहांच्या शांतीला खर्च येतो. दहाव्याची सरकार फुकटात करत असेल तर आपण कशाला आडवं जा?

९ मार्च

लेकीनं वकीलबाई गाठली. चष्मा डोक्यावर ठेवून तोच शोधत असते. हिच्या हातात आमचं भवितव्य.

तिनं समजावलं ते असं. कायद्यानं एवढी शिक्षा झालेल्या परक्या माणसाला घालवायचंच. पण सरकारला वाटेल तसं घालवता येत नाही. जिथे पाठवायचं तिथे जिवाला धोका असेल तर नाही. इथल्या मुलाबाळांचे फारच हाल होणार असतील तरी नाही. जावईबापूंच्या जिवाला तिकडे धोका नाही. कोणी ओळखतही नाही त्यांना. राहिले हाल.

"बाप गेल्यावर पोरीला दुःख होणारच की," लेक म्हणाली.

"नुसतं दुःख चालत नाही," वकीलबाई म्हणाली. "बाप गेला की दुःख सगळ्यांनाच होतं, असं कोर्ट म्हणतं. वाजवीपेक्षा जास्त दुःख होईल हे दाखवावं लागतं."

घ्या. म्हणजे दुःखातही नुसतं पास होऊन भागत नाही, डिस्टिंक्शन लागतं.

आता एक बाई घर बघायला येणार, म्हणजे पाहणी. ती अहवाल देईल, त्यावर सरकार ठरवेल. लेक मला म्हणाली, "आई, त्या दिवशी जे आहे ते दिसू दे." म्हणजे काय? माझ्या घरात जे आहे ते नेहमीच दिसतं. लखलखीत.

१४ मार्च

दुपारी डुलकी लागली आणि घरभर करपल्याचा वास. दुधाचं पातेलं काळंठिक्कर. गॅस चालूच. जावईबापू पळत आले, बंद केला, खिडक्या उघडल्या आणि म्हणाले, "चुकलं आई. मीच ठेवलं होतं, विसरलो."

मी म्हटलं, "तुरुंगात घंटा वाजली की जेवण समोर येतं, म्हणून सवय गेली वाटतं गॅसची?"

मान खाली घातली आणि पातेलं घासायला घेतलं. तासभर घासत होते. परवा माझ्या किल्ल्या पिठाच्या डब्यात निघाल्या, तेव्हाही हेच. "मीच ठेवल्या, आई." पिठाच्या डब्यात! या माणसाला कबुली द्यायची खोडच लागलीय. विचारायचीही वाट बघत नाही.

२ एप्रिल

पाहणी झाली. बेहद्द खूश आहे मी आज.

बाई तरुण, हातात फाईल, चेहऱ्यावर सरकारी दया. अशा दयेवर एकच औषध, चोख व्यवस्था. चादरींचे कोपरे रुग्णालयाच्या पद्धतीनं दुमडलेले. ठकीचे कपडे वारानुसार लावलेले. औषधांची पेटी उघडून दाखवली, प्रत्येक बाटलीवर चिठ्ठी. बाईचे डोळे विस्फारले.

तिनं विचारलं, "वडील तुरुंगात होते, तेव्हा कसं निभावलंत?"

म्हटलं, "निभावायचं काय त्यात? मी चाळीस खाटांचा वॉर्ड चालवलाय. इथे तर एकच पोर. तिला शाळेत नेणं-आणणं, अभ्यास, जेवण, दुखणंखुपणं, सगळं मी केलं. एक दिवस खाडा नाही."

"आणि आता ते गेले तर?"

"आभाळ कोसळत नाही," मी म्हटलं. "आम्ही काही कोणावाचून अडून बसणारी माणसं नाही."

लेक मागून खाकरत होती. हिला हल्ली सारखा खोकला. गुळण्या कर म्हटलं.

मग बाईला वॉर्डात पाणी शिरलं होतं त्या रात्रीची हकिकत सांगितली. सगळे रोगी कसे वरच्या मजल्यावर नेले, एकाचीही सलाईनची सुई निघू दिली नाही. ती निघायला लागली तेव्हा दारात तीच हकिकत सांगायला घेतली, तर म्हणते, "हो आजी, मघाशी सांगितलंत." कुठलं मघाशी? हल्लीच्या पोरींना ऐकून घ्यायचा कंटाळा, दुसरं काय.

जावईबापू दिवसभर कोपऱ्यात बसून होते, धुऊन वाळत घातलेल्या शर्टासारखे. जाताना बाईनं माझा हात हातात घेतला. त्यांचा नाही.

२० एप्रिल

अहवाल आला. लेकीनं मोठ्यानं वाचला. "आजी असाधारण कर्तबगार असून घराचा संपूर्ण भार समर्थपणे पेलतात. वडिलांच्या गैरहजेरीत मुलीची यत्किंचितही आबाळ झालेली नाही." खरं सांगते, ऊर भरून आला. निवृत्तीच्या समारंभात रुग्णालयानं एवढं बोलून दाखवलं नव्हतं. मी म्हटलं, याची एक प्रत मला दे, फ्रेम करून लावते.

लेकीनं पुढची ओळ वाचली. "सबब, वडिलांना देशाबाहेर पाठवल्यास मुलीला वाजवीपेक्षा जास्त त्रास होईल असे दिसत नाही." आणि त्याखाली सरकारचा हुकूम, रवानगीचा.

कागद टेबलावर ठेवून ती म्हणाली, "आई, तू त्याला घालवलंस."

ओरडली असती तर बरं झालं असतं. ओरडणाऱ्या माणसाला कसं हाताळायचं ते मला ठाऊक आहे.

जावईबापू म्हणाले, "आई खरं तेच बोलल्या." शहाणेच! इथेही कबुली. तीसुद्धा माझ्या वतीनं.

काय चुकलं माझं? आलेल्या माणसापुढे घराची लक्तरं वाळत घालायची होती? आयुष्यभर एकच शिकले, पाहणी आली की सगळं जागच्या जागी हवं. कोणी सांगितलं होतं की इथे नापास व्हायचंय म्हणून?

रात्रीचं जेवण कोणालाच गेलं नाही. मलाही नाही.

५ मे

अपील दाखल झालं. वकीलबाई म्हणते, आजी समर्थ आहेत हेच सरकारचं मुख्य हत्यार. म्हणजे मी. इतकी वर्षं लोक मला काय काय म्हणाले, हत्यार कोणी म्हटलं नव्हतं.

मी म्हटलं, मग मी साक्ष देते की मी अगदी टाकाऊ आहे. आरशासमोर सराव केला. पाठ वाकवली, हात थरथरवले, आवाज खोल नेला. ठकी पोट धरून हसली. "आजी, तू चोरासारखी दिसतेस." चोर या घरात आधीच एक आहे, त्याचं दुकान कशाला मोडा? सराव बंद.

१२ मे

आज मात्र कमाल झाली. शाळेचा सुट्टीतला वर्ग सुटून किती वेळ झाला तरी ठकी घरी नाही. मी निवांत बाग शिंपत होते. शाळेतून लेकीला फोन, लेक औषधांच्या दुकानात कामाला, तिचा तिथून घरी फोन, आणि जावईबापू अनवाणी धावत सुटले. ठकीला कडेवर घेऊन आले. एवढी घोडी झाली तरी कडेवर.

लेक घरी आल्यावर जावईबापू तिला म्हणाले, "मी आईंना म्हटलं होतं, आज मी आणतो. आणि विसरलो. शाळेतही तसंच सांगितलं, वडील विसरले."

ठकीनं तोंड उघडलं, "पण बाबा, आजीच तर..." तर तिला म्हणाले, "जा, आधी हात धुऊन ये."

मी त्यांना असं झापलं, असं झापलं! वॉर्डातल्या जुन्या मावश्यांना माझा तो आवाज आठवला असता. पोटच्या पोरीला विसरतो तो बाप कसला? बरंय, सरकार नेतंय ते. शेवटचं वाक्य बोलायला नको होतं. त्यांनी ऐकून घेतलं आणि माझी पाण्याची झारी उचलून जागेवर ठेवली.

१९ मे

वकीलबाई आली होती. मी चहा घेऊन गेले तेव्हा बाहेरच्या खोलीचं दार लोटलेलं. आतून तिचा आवाज, "हे कोर्टाला कळलं तर केस उभी राहते. एक दाखला पुरे आहे." आणि जावईबापूंचा, कधी नव्हे तो चढलेला, "नाही. आईंचं नाव काढायचं नाही. मला पाठवलं तरी चालेल."

माझं नाव काढायचं नाही! पाहिलंत? अजून मनात आहे त्या अहवालाचं. वर साळसूद, आत अढी. चहा तसाच परत नेला.

नंतर लेक म्हणते, "आई, सहज एकदा डॉक्टरांकडे जाऊन येऊ या?" म्हटलं, सहज देवळात जातात, डॉक्टरकडे नाही. वार कोणता, महिना कोणता, शंभरातून सात सात वजा करा, हे सगळं मी रोग्यांना विचारत आले. मला कोण विचारणार? तरी तिच्या समाधानासाठी तिथेच करून दाखवलं. शंभर, त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, एकाहत्तर, चौसष्ट, अठ्ठावन्न. चोख. लेक उठून मोरीत गेली आणि बराच वेळ नळ वाहत होता. पाण्याची किंमत नाही या घरात कोणाला.

२७ मे

ठकीची वेणी घालत होते. ती म्हणाली, "आजी, एक सांगू? रागावणार नाहीस?"

"बोल."

"बाबा खोटं बोलतो. दूध तू ठेवलं होतंस. शाळेत मला न्यायला तूच येणार होतीस. तू सकाळी म्हणालीस, आज बाबा नको, मीच येते. किल्ल्या पण तूच पिठात ठेवल्यास. मी बघितलं."

"मग बाबा असं का सांगतो?"

"तो म्हणाला, आजीला वाईट वाटेल."

पोरीला बापाचा पुळका. आठ वर्षांच्या पोरीचं काय मनावर घ्यायचं? तिला तसं शिकवलेलं असणार. मी वेणी पुरी केली, रिबीन बांधली, पाठीवर थाप मारून पाठवली.

मग बागेतल्या बाकावर बसले आणि बारा मेची सकाळ आठवायला लागले. संध्याकाळ आठवते. झापलेलं तर शब्द न् शब्द आठवतं. सकाळ नाही. तिथे काही नाहीच, पुसलेल्या फळ्यासारखं.

जे लिहिलं नाही ते घडलं नाही, म्हणून लिहिते. मला भीती वाटते.

११ जून

सुनावणी. हे सगळं आजच लिहायचं, उद्यावर टाकायचं नाही.

कोर्ट म्हटल्यावर मला वाटलं होतं उंच छत, लाकडी पिंजरा. निघाली शाळेच्या स्टाफरूमसारखी खोली, आणि कोपऱ्यात गळणारं पाण्याचं पिंप. मी साक्षीदारांत नव्हते. जावईबापूंनी वकीलबाईला तसं बजावलं होतं. मागच्या बाकावर बसवलं मला. सरकारी वकील कोवळा पोरगा, पण जिभेला धार.

जावईबापूंना उभं करून तो म्हणाला, "तुमच्यावाचून मुलीचे हाल होतील म्हणता. शाळेच्या नोंदीत आहे की बारा मे रोजी तुम्ही तिला शाळेतच विसरलात. खरं?"

"हो," जावईबापू म्हणाले.

"त्याआधी घरात गॅस चालू ठेवून विसरलात. शेजाऱ्यांनी धूर पाहिला. तोही तुम्हीच?"

"हो. माझीच चूक."

"मग असा बाप गेल्यानं मुलीचं नुकसान होईल की फायदा?"

जावईबापूंनी मान खाली घातली. वकीलबाईचा चष्मा डोक्यावरून खाली पडला. लेकीनं माझा हात असा दाबला की अंगठी रुतली.

आणि माझ्या डोक्यात एकदम लख्ख झालं. या बावळटानं आयुष्यात एकदा खरी कबुली दिली, त्याची शिक्षा भोगली. आणि आता माझ्या वाटच्या खोट्या कबुल्या देऊन देशाबाहेर निघालाय. तोंडातून ब्र न काढता.

मी उठले. "साहेब, हा खोटं बोलतोय."

न्यायाधीशांनी चष्म्यावरून पाहिलं. "आपण कोण?"

"मी याची सासू. अहवालातली असाधारण कर्तबगार आजी ती मीच."

सरकारी पोरगा हरकत घेत राहिला, पण न्यायाधीश म्हणाले, बाईंना शपथ द्या. घेतली.

"दूध मी जाळलं," मी म्हटलं. "पोरीला शाळेत मी विसरले. किल्ल्या पिठात मी ठेवल्या. हा प्रत्येक वेळी आपल्या अंगावर घेतो, कारण मला वाईट वाटू नये. गुन्हेगार माणूस आहे, साहेब, नाही कोण म्हणतं? पण हे गुन्हे त्याचे नाहीत."

"आई, बसा," जावई म्हणाला. "प्लीज."

न्यायाधीशांनी विचारलं, "आपण विसरलात हे आपल्याला आठवतं?"

"नाही," मी म्हटलं. "तेच तर सांगतेय."

न्यायाधीशांनी पेन खाली ठेवलं. मग ते जरा मऊ आवाजात म्हणाले, "आज तारीख काय, सांगता येईल?"

शोधली मी. खरंच शोधली, सगळीकडे. शेवटी म्हटलं, "तारखा देणं कोर्टाचं काम, साहेब. मी कशाला त्यात पडू?"

सगळे हसले. टायपिस्टसुद्धा. जावई तेवढा हसला नाही. तारीख वर लिहिली आहे ती घरी येऊन लेकीला विचारून.

कोर्टानं डॉक्टरांचा दाखला मागवलाय, मग निकाल. दारातून बाहेर पडताना त्यानं माझा हात धरला, पायऱ्या होत्या म्हणून. मी सोडवून घेतला नाही. बारा मेला मी त्याला काय बोलले ते आठवलं, आणि त्याला सांगितलं की चुकलं माझं. तो म्हणाला, "नाही आई, चूक माझी..." म्हटलं, गप्प बस.

३० जून

जिंकलो!

निकाल वकीलबाईनं वाचून दाखवला. जावयाला पाठवायचं नाही. मुदतीचा परवाना मिळणार, मुदत संपली की पुन्हा अर्ज, पुन्हा फी, पुन्हा दुःखाची परीक्षा. पण सध्या पास. लेक वकीलबाईच्या गळ्यात पडून रडली. ठकीनं अंगणात कोलांट्या मारल्या.

माझ्याबद्दलही आहे. "ज्या आजीच्या भरवशावर सरकारने बापाला घालवायचे ठरवले, त्या आजीलाच यापुढे उत्तरोत्तर अधिक आधाराची गरज भासणार आहे. या घरातून हा माणूस गेल्यास मुलीचे हाल वाजवीपेक्षा जास्त होतील." घ्या. डिस्टिंक्शन मिळालं, आणि तेही माझ्या नावावर. आयुष्यभर मी लोकांचा आधार होते, आता मी कायद्यातली अडचण झाले. सरकारचा आख्खा गाडा माझ्या डोक्यातल्या एका भोकाला अडून थांबलाय. एवढं सामर्थ्य मेट्रन असतानाही नव्हतं.

ही प्रत मी फ्रेम करणार नाही.

डॉक्टरनं लेकीला बाजूला नेऊन काय सांगितलं ते मला विचारायची गरज नाही. असल्या गोष्टी मी किती जणांना बाजूला नेऊन सांगितल्यात. हळूहळू जातं. आधी कालचं, मग परवाचं, माणसं शेवटी. जावयाचं नाव आधी जाईल की ठकीचं? संध्याकाळी न्हाणीघरात कडी लावून रडून घेतलं. बाहेर आले तर तो दाराशी टॉवेल घेऊन उभा. म्हणतो, "मीच विसरलो आत ठेवायला."

मला हा माणूस हवा आहे. लेकीसाठी, ठकीसाठी वगैरे ठीक आहे. मला हवा आहे.

१४ जुलै

आज विशेष काही नाही. बाग शिंपली.

उद्या सुनावणी आहे आणि कोणाला त्याचं गांभीर्य नाही. लेकीला विचारलं, कोर्टात काय घालून जाऊ, तर खिडकीबाहेर बघत बसली. वकीलबाईचा पत्ता नाही. ठकी म्हणाली, "आजी, पण ते तर..." तेवढ्यात तिच्या बापानं तिला बाहेर खेळायला पाठवलं.

त्याला समोर बसवलं. म्हटलं, तू न्यायाधीश हो, मी साक्ष देते. ऐन वेळी ततपप नको. त्यानं बिचाऱ्यानं खुर्ची पुढे ओढून घेतली.

"दूध कुणी जाळलं?"

"मी."

"मुलीला शाळेत कोण विसरलं?"

"मी. आणि हे बघ, उद्या तू मध्ये तोंड घालायचं नाहीस. तुझ्या त्या कबुल्या घरी ठेवून यायच्या. कळलं?"

"कळलं, आई."

दोनदा म्हणून घेतलं त्यानं माझ्याकडून, न कंटाळता. मग मी विचारलं, "अरे, निकाल आपल्या बाजूनं लागेल ना? तुला ठेवतील ना इथे?"

तो म्हणाला, "ठेवतील, आई. मला खात्री आहे."

डोळे भरून आले होते त्याचे आणि तरी हसत होता. रवानगीची टांगती तलवार डोक्यावर असताना एवढा निर्धास्त माणूस मी पाहिला नाही. झोपा लवकर म्हटलं सगळ्यांना. सकाळी वेळेवर निघायचंय.